वाकडीची अंडी

लाल थेंब तळाशी बसायला चाळीसएक मिनिटं लागतात. शहाण्णव खळग्यांची ती पारदर्शक प्लेट टेबलावर ठेवायची, खाली पांढरा कागद सरकवायचा आणि हात मांडीवर घेऊन नुसतं बसून राहायचं. एकेका ओळीत एकेका कोंबडीचं सिरम, पुढच्या पुढच्या खळग्यात निम्मं निम्मं पातळ होत गेलेलं, त्यात मोजून घातलेला विषाणू, आणि सगळ्यांत शेवटी कोंबडीच्याच तांबड्या पेशी, धुतल्याचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घेतलेल्या. शेकडा एक प्रमाणातलं ते पेशींचं पाणी गुलाबाच्या पातळ सरबतासारखं दिसतं. वाट पाहून झाली की प्लेट हलक्या हाताने उचलायची आणि उजेडाकडे तिरकी धरायची. ज्या खळग्यात पेशी तळाशी घट्ट ठिपका होऊन बसलेल्या असतात तिथला ठिपका तिरका होताच खाली ओघळतो, वर बारीक आणि खाली फुगीर, अगदी डोळ्यातून पाणी निघावं तसा. जिथे ओघळत नाही तिथे पेशी एकमेकींना धरून खळगाभर पातळ चादरीसारख्या पसरलेल्या असतात.

ओघळला तर पक्षी सुरक्षित. म्हणजे त्या पक्ष्याच्या रक्तात विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं आहेत, त्यांनी विषाणूचे हात धरून ठेवले, त्याला तांबड्या पेशी एकमेकींत गुंफता आल्या नाहीत आणि त्या निमूट तळाशी जाऊन बसल्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे मला कुणीतरी समजावून सांगितलं, आणि अश्रूसारखी दिसणारी ती खूण शुभ मानायची हे मनाला पटायला बरेच दिवस लागले. पुढे पंचवीसएक वर्षं मी अशा प्लेटा लावत आले. हाताला सवय झाली, डोळ्यांना झाली. तरी प्लेट तिरकी धरताना दर वेळी आत काहीतरी हललंच. कारण त्या खळग्यांत जो विषाणू असायचा त्याला कागदोपत्री राणीखेत रोगाचा विषाणू म्हणत असले, तरी मी त्याला त्याच्या घरगुती नावाने लहानपणापासून ओळखत होते. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत.

संगमेश्वराकडच्या आमच्या घराच्या मागल्या दारी चिऱ्याचं एक खुराडं होतं, वर जुनी कौलं. आजीच्या चौदा कोंबड्या त्यात रात्री असत. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती हातात मूठभर कणी घेऊन पायरीवर उभी राही, आणि अंगणाच्या चारी कोपऱ्यांतून, आंब्याच्या बुंध्याआडून, गोठ्याच्या पडवीतून त्या एकेक येत. आजी त्यांना मोजत नसे. खुराड्याचं दार लावता लावता ती सहज म्हणे, “कवडी नाही गो आली अजून,” आणि आम्ही मुलं बॅटरी घेऊन कवडीला शोधायला जात असू. चौदातली एक कमी आहे हे तिला आकड्यातून कळत नसे. कवडी नाही, हेच कळे. कुणाची चाल कशी, कोण दाणे टिपताना मागे राहते, कोण अंडं घालायच्या आधी उगीच दोन फेऱ्या मारते, हे सगळं तिच्या मनात कुठेतरी उमटून बसलेलं होतं. एखादी कोंबडी जरा जरी वेगळी उभी राहिली तरी आजी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राही. ओळख हा शब्द मी पुढे प्रयोगशाळेत शेकडो वेळा ऐकला, वापरला. पण तो ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर आधी ती पायरी येते.

मी सहावीत होते त्या वर्षी मे महिन्यात कोंबडा एका सकाळी आरवला नाही. तो तुळशीपाशी चोच उघडी टाकून उभा होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या गळ्यातून बारीक घरघर येत होती. त्याची शीट हिरवट झालेली. आजीने त्याच्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, “मानमोडी आली.” तिच्या सासूने तिला सांगितलं होतं की १९१८ साली माणसांत तापाची जी साथ आली तिलाही लोक मानमोडीच म्हणत, त्यामुळे तो शब्द उच्चारताना तिच्या आवाजात कोंबड्यांपेक्षा मोठं काहीतरी असे. दुसऱ्या दिवशी दोघी पाय ओढत चालायला लागल्या. तिसऱ्या दिवशी काळीची मान मागे वळली, इतकी मागे की तिची चोच पाठीला लागे, आणि ती तशीच उलट पावली गोल गोल फिरत राही. दाणा दिसत असे, पण चोच दाण्यापर्यंत पोहोचत नसे. शेजारच्या काकी म्हणाल्या, आहेत त्या कापून तरी टाका. आजीने मान हलवली नाही. सहाव्या दिवशी एकच उरली. बाकीच्या आजीने फणसाखाली खोल खड्डा खणवून मीठ टाकून पुरल्या, आणि वाडीत घरोघर जाऊन सांगून आली की आमच्या बाजूला कोंबड्या सोडू नका.

या रोगाला इतकी नावं आहेत आणि त्यांतली दोन गावांची आहेत, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे. १९२६ साली जावा बेटावर आणि जवळपास त्याच सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन शहराजवळच्या एका फार्मवर कोंबड्या पटापट मेल्या. टी. एम. डॉयल नावाच्या पशुवैद्याने त्यामागे विषाणू असल्याचं दाखवलं आणि चांगलं नाव सुचेपर्यंत तात्पुरतं म्हणून गावाचंच नाव त्याला दिलं. ते तात्पुरतं नाव आजतागायत तसंच राहिलं. थोड्याच काळात कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तशीच मर लागली, आणि जवळच मुक्तेश्वरला असलेल्या प्रयोगशाळेच्या एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये तिची नोंद केली. म्हणून आपल्या देशात तो राणीखेत. राणीचं शेत! देवदारांच्या सावलीतलं, समोर हिमशिखरं असलेलं एक गाव, आणि नाशिकपासून नामक्कलपर्यंतच्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव येतं ते मरतुकीच्या वहीत. आणि मुक्तेश्वरच्या त्या प्रयोगशाळेचं मूळ तरी कुठे? ती १८८९ साली पुण्यात सुरू झाली होती. रोगजंतू हाताळायचे तर वस्तीपासून दूर, थंड जागा हवी म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात हलवली गेली. पुढे १९४० च्या दशकात तिथेच या विषाणूला कोंबडीच्या गर्भधारी अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून, हळूहळू मवाळ करून एक लस तयार झाली. ती मुक्तेश्वरची लस आजही आपल्याकडे आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्यांना टोचतात. लहान पिल्लांना मात्र ती सोसत नाही. त्यांच्यासाठी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. लासोटा हेही एका माणसाचं आडनाव आहे, न्यू जर्सीतल्या ज्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत १९४६ साली तो सौम्य विषाणू सापडला त्याचं. फ्रिजच्या दारात ठेवलेल्या इवल्याशा कुपीत एवढी गावं आणि माणसं असतात.

मी त्या कामाकडे ठरवून वळले असं म्हणणं खरं होणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, नोकरी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी समोर आला तो अंड्यांचा ट्रे. नऊ ते अकरा दिवसांची गर्भधारी अंडी. खोलीत अंधार करून एकेक अंडं दिव्यावर धरायचं. कवचाच्या आतून तांबूस उजेड पसरतो, आणि त्या उजेडात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, विमानातून नद्या दिसाव्यात तसं. मध्येच एक काळा ठिपका असतो, तो डोळा, आणि तो हलतो. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते, तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायची, म्हणजे सुई कुठे घालायची ते कळतं. थेंबभर विषाणू आत सोडायचा, भोकावर मेण. दोन-तीन दिवसांनी ती अंडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी कवच उघडून गर्भाभोवतीचं पाणी काढून घ्यायचं, गवताच्या काडीच्या रंगाचं, निर्मळ. त्या पाण्यात विषाणू असतो. ते साखरेच्या द्रावणावर घालून प्रचंड वेगाने फिरवलं की नळीच्या मध्यावर एक पट्टा उभा राहतो, दुधात निळीचा थेंब पडावा तसा. तोच तो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पाहत राहिले. आजीच्या अंगणातल्या कोंबड्या ज्याने नेल्या तो इतका नाजूक रंगाचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

या विषाणूच्या आत पंधरा हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचा एक धागा आहे, आणि त्यावर सहा जनुकं. एवढाच त्याचा संसार. पण आतलं सगळं स्निग्ध आवरणात गुंडाळलेलं असतं, आणि पक्ष्याच्या शरीराला भेटतं ते बाहेर काट्यांसारखं उभं असलेलं फक्त. बाहेर दोनच प्रथिनं आहेत. एकाला एच-एन म्हणतात, दुसऱ्याला एफ. पक्ष्याच्या पेशीवर सायलिक आम्लाचे दाणे असतात, साखळ्यांच्या टोकांना लावलेल्या मण्यांसारखे. एच-एन त्या मण्यांना धरतं. प्लेटमधल्या तांबड्या पेशी एकमेकींत गुंफल्या जातात त्या यामुळेच. आणि गंमत अशी की ज्याने धरलं तेच प्रथिन नंतर तो मणी कापूनही टाकतं, म्हणजे नव्याने जन्मलेले विषाणू जुन्या पेशीला चिकटून न राहता मोकळे होतील. म्हणून प्लेट वेळेवर वाचावी लागते. उशीर झाला, खोली उबदार असली, तर पेशींची ती चादर आपोआप सुटते आणि सगळे ठिपके होऊन बसतात. मग सुरक्षित आणि असुरक्षित यांत फरक करता येत नाही. धरणं आणि सोडणं एकाच हाताकडे असणं ही गोष्ट मला विषाणूपुरती मर्यादित कधी वाटली नाही. पण ते असो.

एफ मात्र वेगळंच. पेशीला धरून भागत नाही, आत शिरायला हवं, आणि ते काम याचं. ही ५५३ अमिनो आम्लांची माळ घडी घालून, ताणलेल्या स्प्रिंगसारखी उभी असते. एच-एनने पेशी धरली की ते एफला हलवतं, एफ उलगडतं, त्याचं टोक पेशीच्या पडद्यात रुततं, आणि मग ते पुन्हा मिटतं तेव्हा दोन्ही पडदे एकमेकांत ओढले जाऊन एक होतात. पण त्याआधी एक अट असते. ही माळ एका ठरावीक जागी कापली गेल्याशिवाय एफमध्ये बळ येत नाही, आणि कापणारी कात्री विषाणूकडे नसते. ती पक्ष्याच्या शरीराचीच. लासोटासारख्या मवाळ विषाणूत त्या जागेची घडण अशी आहे की तिथे चालणारी कात्री फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात मिळते. तो तिथेच थोडा वाढतो आणि थांबतो. घातक विषाणूत ११२ ते ११७ या सहा जागांपैकी तीन बदललेल्या असतात: एका जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन, दुसऱ्या जागी ग्लायसिनऐवजी लायसिन, आणि शेवटच्या जागी ल्युसिनऐवजी फिनाइलअलानिन. एवढ्याने ती जागा फ्युरिन नावाच्या कात्रीला कापता येते, आणि फ्युरिन शरीरभर असतं. मग विषाणूला सगळ्या वाटा मोकळ्या होतात, मेंदूपर्यंत. हे मी ज्या दुपारी पहिल्यांदा नीट समजून घेतलं त्या दुपारी मला दुसरं काही करता आलं नाही. काळीची मान मागे वळली होती ती तीन अक्षरांनी. उलट पावली गोल फिरत दाण्याकडे पाहणारी ती कोंबडी, आणि एका माळेतले तीन मणी. मधलं सगळं अंतर माझ्या डोळ्यांसमोर एकदम मिटलं.

यांतलं कोणतं प्रथिन पक्ष्याच्या शरीराला जागं करतं हे शोधायची रीत वर्णन करून सांगायला सोपी आहे. विषाणू साबणासारख्या द्रावणात बुडवला की त्याचं स्निग्ध आवरण विरघळतं आणि काटे सुटे होतात. मग ती प्रथिनं उकळून जेलच्या पातळ पटलावर विजेच्या जोराने पळवायची; हलकी पुढे जातात, जड मागे राहतात. निळा रंग दिला की जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. ते कागदावर उतरवून घेतले आणि आजारातून उठलेल्या पक्ष्याचं सिरम त्यावर ओतलं, की ज्या पट्ट्याला प्रतिपिंडं चिकटतील तो उजळतो. माझे पहिले काही कागद कोरे निघाले. सिरम चांगलं होतं, प्लेटमध्ये थेंब सुंदर ओघळत होते, आणि कागदावर मात्र मला हवा होता तो पट्टा जेमतेम. कितीतरी दिवसांनी उमगलं की उकळल्यामुळे प्रथिनाची घडी उलगडते, आणि पक्ष्याची कितीतरी प्रतिपिंडं त्या घडीलाच ओळखणारी असतात. अक्षरं सगळी होती, क्रमही तोच होता. चेहरा तेवढा राहिला नव्हता. आजीलाही कवडीचं एकेक पीस वेगळं काढून दाखवलं असतं तर तिने ओळखलं असतं का, कोण जाणे. ती कवडीला तिच्या चालीत ओळखत होती.

पूर्वी आम्ही सगळे एच-एनलाच मुख्य मानायचो. ते साहजिक होतं, कारण प्लेट तेच मोजते. पण या विषाणूच्या कुळातल्याच, माकडांच्या पेशींत सापडलेल्या एका विषाणूवर रॉकफेलर विद्यापीठातल्या मर्झ, शाइड आणि चॉपिन या तिघांनी १९८० साली एक सुंदर काम केलं होतं. एच-एनविरुद्धची प्रतिपिंडं घातली की द्रवात तरंगणारा विषाणू निष्प्रभ होतो, हे त्यांना दिसलं. पण एका पेशीतून शेजारच्या पेशीत आतल्या आत पसरणारा संसर्ग त्या प्रतिपिंडांनी थांबत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत चोराने मधली भिंत फोडून जावं तसा तो जातच राहतो. तो थांबवायला एफविरुद्धची प्रतिपिंडं लागतात. पुढे कोंबड्यांतही तसंच दिसत गेलं. दोन्ही प्रथिनं पक्ष्याला वाचवू शकतात, पण २०१३ साली मेरीलंड विद्यापीठात सिबा सामल यांच्या गटाने लशीच्या विषाणूत ही दोन प्रथिनं अदलाबदल करून पाहिली तेव्हा रक्षणाचा मोठा वाटा एफकडेच निघाला. आम्ही इतकी वर्षं दारातल्या पाहुण्याचा चेहरा पाठ करत होतो, आणि खरं भय त्याच्या शेजारी गप्प उभ्या असलेल्याचं होतं.

हे सगळं जागं होणं, ओळखणं, लक्षात ठेवणं शरीरात कुठे घडतं, हेही माणसाला आधी कोंबडीनेच दाखवलं. पाड्युआच्या फॅब्रिशियसने पक्ष्याच्या शेपटीकडच्या बाजूला असलेली एक छोटी पिशवी वर्णन करून ठेवली होती, पण तिचं काम साडेतीनशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९५६ मध्ये ओहायोतल्या ब्रूस ग्लिक यांना आढळलं की लहानपणीच ती पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं तयार होत नाहीत. त्या पिशवीचं शास्त्रीय नाव बर्सा. आज डॉक्टर ज्यांना बी पेशी म्हणतात त्यांतला बी तिथून आला. माणसात ही पिशवी नाही, अक्षर मात्र कोंबडीचं राहिलं. सणावारी कोवळा कोंबडा साफ करताना ती मऊ गाठ आजीच्या बोटांखालून किती वेळा गेली असेल. चुलीपाशी बसून ती बाजूला टाकताना तिला किंवा मला काय माहीत, की आपल्या अंगात गोवराची आठवण जपणारं जे काही आहे त्याचं नाव या गाठीवरून पडलंय.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एकदा एका फार्मवरून पिल्लांची सिरमं आली. मी नेहमीसारखी प्लेट लावली, चाळीस मिनिटं बसले, तिरकी धरली. एकही थेंब ओघळला नाही. ओळीमागून ओळ नुसती गुलाबी चादर. मी पुन्हा लावली, तांबड्या पेशी नव्याने धुऊन लावली, तेच. मालकाला फोन करून सांगायचं कसं, या विचाराने मी खुर्चीत बसून राहिले, आणि डोक्यात तुळशीपाशी चोच उघडी टाकून उभा असलेला कोंबडा. मग फॉर्मवरचं लशीचं नाव वाचलं. टर्कीच्या एका निरुपद्रवी नागीणवर्गीय विषाणूत या विषाणूचं फक्त एफचं जनुक बसवून केलेली ती लस होती, अंड्यातच अठराव्या दिवशी दिलेली. त्या पिल्लांनी एच-एन कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या रक्तात एफची ओळख भरपूर होती, ती पूर्ण सुरक्षित होती, आणि माझ्या प्लेटला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. फोन केला तेव्हा पलीकडून मालक म्हणाला, “मॅडम, पिल्लं एकदम टणटणीत आहेत.” मी खिडकी उघडली. इतक्या वर्षांत मी ज्या प्लेटवर जीव टाकला होता ती खोटी नव्हती. तिला एकच भाषा येत होती एवढंच. पण त्या आधी मी किती पक्ष्यांबद्दल, आणि पक्ष्यांपलीकडेही किती जणांबद्दल, मला जे मोजता येतं तेवढ्यावरून बोलून गेले असेन, हा विचार त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये सोबतीला होता.

आजी तेव्हा नव्हती. असती तर तिला सांगितलं असतं की २००६ साली अमेरिकेत या रोगाच्या एका लशीला परवानगी मिळाली, जी तंबाखूच्या पेशींत एच-एन प्रथिन वाढवून केलेली होती. वनस्पतीच्या पेशीत तयार झालेली अशी ती जगातली पहिलीच लस. ती पुढे बाजारात आली नाही. पण सकाळी मिश्री भाजताना आजी ते ऐकून क्षणभर तव्याकडे बघत राहिली असती. आणि तिला जास्त जवळची वाटली असती ती दुसरी गोष्ट, क्वीन्सलँडच्या पीटर स्प्रॅडब्रो यांची. उन्हाने मरणार नाही अशी लस त्यांनी खेड्यातल्या कोंबड्यांसाठी केली, जिथे बर्फ नाही, वीज नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत बायका ती आपल्या कोंबडीच्या डोळ्यात एकेक थेंब घालतात. आमच्याकडे त्या वेळी लस नव्हती असं नाही, तालुक्याला मिळे. पण कुपी शंभर पक्ष्यांची, ती बर्फात आणायची, फोडल्यावर दोन-तीन तासांत संपवायची, आणि आजीच्या कोंबड्या चौदा. वाडीतल्या सगळ्यांनी एका दिवशी, एका वेळी कोंबड्या डालग्यात धरून ठेवायला हव्या होत्या. तसं कुणी कुणाला म्हणालं नाही.

सहाव्या दिवशी उरलेली ती एक, तीच कवडी. तिची मान वाकडी झाली ती कायमची. डावीकडे कलून खांद्यावर टेकल्यासारखी. आजी तिला मग वाकडी म्हणू लागली. जमिनीवरचा दाणा तिला टिपता येईना, म्हणून आजीने एक उथळ पत्र्याचं झाकण विटेवर ठेवलं, बरोबर तिच्या चोचीच्या उंचीला, आणि त्यात ती रोज कणी घाली. पावसाळाभर वाकडी पडवीतच राहिली. नवरात्राच्या सुमारास ती पुन्हा अंडी घालू लागली, आणि आजीने ती एकही खाल्ली नाहीत, आम्हालाही दिली नाहीत. पलीकडच्या घरचा कोंबडा कुंपणावरून येत असे. शेजारच्या काकींकडून आजीने एक खुडूक कोंबडी मागून आणली आणि वाकडीची नऊ अंडी तिच्याखाली टोपलीत भाताच्या पेंढ्यावर मांडली.

ज्या कोंबडीने मानमोडी सोसली आहे ती आपल्या रक्तातली प्रतिपिंडं अंड्याच्या बलकात उतरवते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याने स्वतः न पाहिलेल्या शत्रूचे दोन्ही चेहरे त्याच्या रक्तात आधीच ओळखीचे असतात. तीन-चार आठवड्यांनी ती ओळख पुसट होत जाते. हे मला वीस वर्षांनी कळलं. आजीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने एकच केलं. शेजारची कोंबडी मध्येच स्वतःचं अंडं त्यात घालील आणि मग कुठलं कुणाचं ते कळायचं नाही, म्हणून चुलीतला एक कोळसा घेऊन ती ओट्यावर बसली, आणि वाकडीचं एकेक अंडं ओंजळीत फिरवत, जपून, त्यावर एक काळी रेघ मारत गेली.